वादळाला शेवटी हात लावा : फसलेल्या आरमारी स्वारीची कारणे आणि परिणाम कसे तपासावेत

समुद्रावरून केलेली स्वारी फसली की तिची कहाणी फार लवकर थिजते. हरलेला म्हणतो, वादळाने घात केला. जिंकलेला म्हणतो, देव पाठीशी होता. दोघांचे यात छान जमते, कारण वादळ मान्य केले की एकाच्या माथी मूर्खपणा येत नाही आणि दुसऱ्याला दैवी कौल मिळतो. १५८८ नंतर डच प्रांतांत पाडलेल्या एका पदकावर 'देवाने फुंकर घातली आणि ते विखुरले' अशा अर्थाची लॅटिन ओळ कोरलेली आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ शाळेतली मुले साधारण तेच शिकत आली.

अशा स्वारीची फोड स्वतः करायची असेल तर पुढील क्रमाने जा. नमुन्यादाखल १५८८ चे स्पॅनिश आर्माडा, म्हणजे स्पेनने इंग्लंडवर पाठवलेले आरमार, घेतले आहे. त्याची पत्रे, याद्या आणि हुकूम दोन्ही बाजूंनी टिकले आहेत, शिवाय बुडालेली काही जहाजेही सापडली आहेत. ताळा पाहण्यासाठी मधूनमधून १२८१ ची जपानवरील मंगोल स्वारी, १९१५ चे गॅलिपोली (पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची ब्रिटिश-फ्रेंच मोहीम) आणि १९४२ चे दिएप (दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा दोस्त फौजांचा हल्ला) येतील.

साहित्य फार लागत नाही. मोठी वही किंवा स्प्रेडशीट, त्या समुद्राची खोली दाखवणारा जुना आणि नवा असे दोन नकाशे, भरती-ओहोटीचे अंदाज आणि दोन्ही बाजूंचा समकालीन पत्रव्यवहार एवढे पुरे. पत्रे एकाच बाजूची मिळाली तरी काम सुरू करता येते, मात्र पलीकडच्याच्या हेतूंबद्दल त्यावरून काही ठरवू नका.

योजनेतला सांधा शोधा

पहिल्या पानावर स्वारीची योजना एकाच वाक्यात उतरवा: सैन्य कुठून चढणार, आरमार त्याला कुठे गाठणार, सगळे मिळून कुठे उतरणार. वाक्य सरळ उतरत नसेल, त्यात 'मग तेव्हा जमेल तसे' असे काही घालावे लागत असेल, तर तिथेच खूण करा.

आर्माडाचे वाक्य असे होते: १३० च्या आसपास जहाजांचे आरमार लिस्बनहून निघेल, इंग्लिश खाडीतून वर जाईल, स्पेनचा सेनानी पार्माच्या ड्यूकचे फ्लँडर्समधले (आजच्या बेल्जियमकडचे) सैन्य सपाट तळाच्या होड्यांतून बाहेर पडेल आणि आरमाराच्या आडोशाने केंटच्या किनाऱ्यावर उतरेल. यातला 'बाहेर पडेल' हा शब्द कच्चा आहे.

तो कच्चा का राहिला हे मागे जाऊन पाहिले की कळते. १५८६ मध्ये स्पेनचा राजा फिलिप दुसरा याच्यापुढे दोन वेगळे प्रस्ताव होते. आरमाराचा प्रमुख असलेल्या सांता क्रुझच्या मार्किसला सगळे सैन्य घेऊन थेट स्पेनहून जायचे होते, त्यासाठी त्याने ५०० हून अधिक लहानमोठी जहाजे मागितली. पार्माला गुपचूप, एका रात्रीत, होड्यांतून खाडी ओलांडायची होती. पहिली योजना भयंकर महाग आणि दुसरी पूर्णपणे गुप्ततेवर उभी, पण दोन्ही आपापल्या जागी सुसंगत होत्या. राजाने दोन्ही जोडल्या. आरमार लहान केल्याने पहिलीतली ताकद गेली, ते खाडीतून उघडपणे जाणार असल्याने दुसरीतली गुप्तता गेली, आणि नवा सांधा तेवढा पदरी पडला.

सांधा सापडला की त्याला चार प्रश्न विचारा. भेटीची जागा कोणती? दिवस कोणता? एकमेकांना कळवायचे कसे? एकाला उशीर झाला तर दुसऱ्याने थांबायचे कुठे? आर्माडाच्या बाबतीत जागा 'मार्गेटच्या टोकाजवळ' इतकीच मोघम होती. दिवस ठरलेला नव्हता. निरोप छोट्या जलद गलबतांतून जाणार होते. थांबण्यासाठी, मोठ्या जहाजांना निवारा देईल असे एकही खोल बंदर वाटेत ताब्यात नव्हते. चारही उत्तरे लंगडी निघाली तर पुढची लढाई कोणी कशी लढली याला दुय्यम महत्त्व उरते.

हाच प्रयोग १२८१ वर करून पाहा. कोरियातून निघालेला पूर्वेकडचा ताफा आणि दक्षिण चीनमधून निघालेला मोठा ताफा यांनी इकी बेटाजवळ भेटायचे ठरले होते. दक्षिणेचा ताफा वेळेवर आला नाही. पूर्वेकडच्याने एकट्याने हाकाता उपसागरावर हल्ला केला आणि १२७६ पासून बांधलेल्या सुमारे २० किलोमीटर लांबीच्या दगडी तटापुढे तो अडला. गॅलिपोलीत सांधा काळातला आहे. १८ मार्च १९१५ ला आरमार एकटे पुढे गेले, सैन्य उतरले २५ एप्रिलला. मधल्या ३८ दिवसांत किनाऱ्यावर खंदक खणले गेले.

त्याच पानावर हेही लिहा की यश म्हणजे नेमके काय ठरले होते. फिलिपने पार्मासाठी दिलेल्या गुप्त सूचनांत पूर्ण विजय मिळाला नाही तर कोणत्या अटींवर तह करायचा तेही सांगितले होते: कॅथलिकांना उपासनेची मोकळीक, इंग्रजांच्या ताब्यातली नेदरलँड्समधली ठाणी परत, आणि जमलीच तर भरपाई. म्हणजे संपूर्ण इंग्लंड जिंकणे ही एकमेव कसोटी नव्हती. ही पायरी गाळली की परिणामांचा हिशोब चुकीच्या मापाने होतो.

तारखांचा घोळ आधी निस्तरा

कंटाळवाणे काम आहे, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. स्पेनने १५८२ मध्ये नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली होती, इंग्लंड जुन्या ज्युलियनवर होते. फरक १० दिवसांचा. कॅलेजवळच्या ग्रॅव्हलाइन्सची लढाई, म्हणजे आर्माडा आणि इंग्रजांची मुख्य झुंज, स्पॅनिश कागदांत ८ ऑगस्टला आहे, इंग्रजी कागदांत २९ जुलैला.

यातून काय बिघडते ते टिलबरीच्या इंग्रज छावणीवरून कळेल. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचे तिथले प्रसिद्ध भाषण ९ ऑगस्टचे, पण जुन्या मापाने. लढाई नव्या मापाने आणि भाषण जुन्या मापाने घेतले तर लढाईच्या दुसऱ्याच दिवशी राणी सैन्यापुढे उभी राहिली असे वाटते. दोन्ही नव्या मापात आणले तर भाषण १९ ऑगस्टचे होते, म्हणजे लढाईनंतर ११ दिवसांनी. तेव्हा आर्माडा स्पेनला परतण्यासाठी उत्तर समुद्र सोडून स्कॉटलंडला वळसा घालत होते.

उपाय सोपा: एक माप ठरवा, प्रत्येक नोंदीपुढे मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही लिहा. गॅलिपोलीतही हीच काळजी घ्या. १८ मार्च १९१५ ही तारीख उस्मानी रूमी दिनदर्शिकेत ५ मार्च १३३१ आहे.

जहाजे मोजताना छेद कोणता

'१३० पैकी इतकी बुडाली' असे वाक्य दिसले की थांबा. १३० हा लिस्बनचा आकडा. तिथून निघाल्यावर वादळ आणि नासलेली रसद यांमुळे आरमार उत्तर स्पेनमधल्या कोरुन्या बंदरात थांबले. नंतर बिस्केच्या उपसागरात चारही गॅली (वल्ह्यांची लांब जहाजे) मागे पडल्या आणि बिस्के तुकडीचे प्रमुख जहाज सांता आना फ्रेंच किनाऱ्याला लागले. लढाईला पोचलेली जहाजे १३० नव्हती. परत आलेल्यांचाही गोंधळ आहे. काही जहाजे बंदरात येऊन मोडीत निघाली, त्यांना वाचलेली म्हणायचे की गमावलेली? म्हणूनच नुकसानीचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासकांकडे तिसऱ्या हिश्शापासून जवळपास निम्म्यापर्यंत जातात. कोणी खोटे बोलत नाही, छेद वेगळा आहे.

प्रत्येक जहाजाला एक ओळ द्या: नाव, मूळचा धंदा, टनभार, शेवटचे खात्रीचे ठिकाण, नष्ट होण्याची रीत. 'मूळचा धंदा' हा रकाना फुकट वाटतो, पण फार बोलतो. आर्माडातली लढाऊ गॅलिऑन (मोठी शिडाची युद्धजहाजे) थोडी होती. बरीचशी भूमध्य समुद्रातली धान्यवाहू तारवे आणि बाल्टिककडची बोजड मालवाहू गलबते होती. सगळ्यांना बरोबर ठेवायचे तर वेग सर्वांत मंद गलबताचा. भूमध्य समुद्रासाठी बांधलेल्या कवचाला उत्तर अटलांटिकच्या लाटा झेपत नाहीत, आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटलेल्यांत ही भूमध्यवाली बरीच आहेत.

नष्ट होण्याची रीत लिहिताना कंजूषपणा करू नका. 'लढाईत' एवढे पुरत नाही. आर्माडाची यादी उलगडली तर दिसते की सान साल्वादोरवर दारूचा स्फोट झाला, रोसारिओचे डोलकाठीचे नुकसान होऊन ते मागे पडले आणि इंग्रज दर्यावर्दी ड्रेकच्या हाती लागले, सान लोरेन्सो कॅलेपाशी रुतले, सान फेलिपे आणि सान मातेओ फ्लँडर्सच्या वाळूत बसून डचांच्या ताब्यात गेले. ग्रॅव्हलाइन्सला तोफांच्या माराने थेट बुडाले असे मारिया हुआन तेवढे ठळक आहे. उरलेले मोठे नुकसान कित्येक आठवड्यांनंतरचे, आणि ते इंग्रजांच्या तोफांपासून शेकडो मैलांवर झाले. ही दोन नुकसाने एकाच बेरजेत घालायची नाहीत.

पाण्याचा हिशोब

दारूगोळ्याआधी पाणी मोजा. लिस्बनच्या यादीत खलाशी आणि सैनिक मिळून सुमारे २७,००० माणसे आहेत. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे खाऊन राबणाऱ्या माणसाला पिण्यासाठीच दिवसाला ३ लिटर धरा. रोजचे ८१,००० लिटर झाले, म्हणजे ८१ टन. आरमार २१ जुलैला कोरुन्याहून निघाले आणि सेनापतीचे जहाज २१ सप्टेंबरच्या सुमारास सांतांदेरला पोचले. ६२ दिवसांना साधारण ५,००० टन पाणी लागते. पिंपांचे वजन वेगळे.

आता त्यातली पाचव्या हिश्शाची पिंपे गळकी धरा. ६२ दिवसांचे पाणी ५० दिवसांवर येते. २१ जुलैपासून ५० दिवस म्हणजे ९ सप्टेंबर. त्या सुमारास उरलेली जहाजे आयर्लंडच्या पश्चिमेला होती. प्रत्यक्षात किती पाणी होते हे या गणिताने सिद्ध होत नाही, वेगवेगळ्या जहाजांची स्थिती वेगळीच असणार. पण आयर्लंडच्या किनाऱ्यापासून लांबून जा अशी सक्त सूचना असताना इतके कप्तान धोकादायक किनाऱ्याकडे का वळले, हा प्रश्न कुठे शोधायचा ते यातून समजते.

पिंपे गळकी असण्याला कारणही आहे. १५८७ च्या वसंतात ड्रेकने कादिझवर छापा घातला. तिथे जाळलेल्या जहाजांची कथा सगळे सांगतात. त्यानंतर तो सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराजवळ टपून बसला आणि किनाऱ्याने जाणाऱ्या लहान गलबतांतून पिंपांच्या मुरवलेल्या लाकडी पट्ट्या आणि कड्या मोठ्या प्रमाणात जाळल्या, ते मात्र कमी सांगितले जाते. पिंपासाठी लाकूड वर्ष-दोन वर्षे मुरावे लागते. ओल्या लाकडाचे पिंप वाळताना आक्रसते, सांधे उघडतात, पाणी झिरपते, आत हवा जाऊन मांस सडते आणि बिस्किटाला बुरशी येते. घाईने केलेली अशीच पिंपे आरमारावर चढली. कोरुन्याच्या थांब्यात नासलेल्या रसदीची तक्रार लगेच उमटते.

ग्रॅव्हलाइन्सनंतर माणशी रोज सुमारे सव्वादोनशे ग्रॅम बिस्किट, अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी आणि त्याच्या निम्मे मद्य असा शिधा ठरला. घोडे आणि खेचरे समुद्रात सोडून दिली गेली. असे हुकूम सापडले की तारखेसह मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रसदीची खरी अवस्था सेनापतीच्या अहवालांपेक्षा शिध्याच्या हुकमात जास्त प्रामाणिकपणे दिसते.

पत्रांचा तक्ता

फसलेल्या स्वारीत कोणाला केव्हा काय माहीत होते, हे समजणे अर्धे काम आहे. चार रकाने आखा: पत्र लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, पोचले तेव्हा लिहिणारा कुठे होता, आणि उत्तर त्याला कुठे गाठणार होते. तिसरा रकाना सहसा कोणी भरत नाही आणि खरा उलगडा तिथेच होतो.

आर्माडाचा सेनापती मेदिना सिदोनियाने २५ जुलैला रॉद्रिगो तेयो या अधिकाऱ्याला पार्माकडे पाठवले. तो उत्तर घेऊन ७ ऑगस्टच्या सकाळी परतला, तेव्हा आरमार कॅलेसमोर उघड्या समुद्रात नांगर टाकून होते. निरोप असा की सैन्य अजून होड्यांवर चढलेले नाही. सगळे चढायला जवळपास आठवडा लागणार होता. मधल्या तेरा दिवसांत मेदिना सिदोनियाने आणखी पत्रे पाठवली, पण चालत्या आरमाराला उत्तर देणे पार्माला जवळजवळ अशक्य होते. एकाला वाटत होते दुसरा तयार असेल. दुसऱ्याला वाटत होते आधी आरमाराने समुद्र मोकळा करावा. त्याच रात्री इंग्रजांनी आठ पेटती जहाजे वाऱ्यावर सोडली.

तक्ता भरताना पार्माला गद्दार किंवा मेदिना सिदोनियाला भित्रा ठरवण्याचा मोह होतो. दोघांवर हे आरोप तेव्हापासून होत आले आहेत. आरोप लिहिण्याआधी त्या दिवशी त्या माणसाच्या हातात कोणते पत्र होते ते तक्त्यात पाहा. बहुतेक वेळा तो त्याच्या पत्राप्रमाणे बरोबर वागलेला असतो.

याच तक्त्यात 'नको' म्हणणारी पत्रे वेगळ्या रंगाने दाखवा. सांता क्रुझ फेब्रुवारी १५८८ मध्ये वारला, तेव्हा नेमणूक झालेल्या मेदिना सिदोनियाने आपल्याला समुद्र लागतो, आरमारी लढाईचा अनुभव नाही असे कळवून नकार देण्याचा प्रयत्न केला. कोरुन्याहून जूनमध्ये त्याने स्वारी थांबवून तह करावा असे सुचवले. राजाने दोन्ही बाजूला सारले. नकाराचे पत्र आहे की नाही यापेक्षा ते कोणापाशी थांबले हे महत्त्वाचे. ते निर्णय बदलू शकणाऱ्या माणसापर्यंत पोचूनही काही बदलले नसेल, तर दोष माहितीच्या अभावाला देता येत नाही.

किनारा, खोली, नांगर

नकाशावर दोन रेघा मारा: सर्वांत मोठ्या जहाजाला लागणारी खोली जिथे संपते ती एक, आणि सर्वांत लहान वाहतूक होडीला ज्या लाटांत टिकता येते त्यांची दुसरी. या दोन रेघांच्या मधला पट्टा कोणाच्या ताब्यात आहे? डंकर्क आणि न्यूपोर्टसमोर वाळूचे दांडे आहेत. आर्माडाची मोठी जहाजे तिथे आत येऊ शकत नव्हती, आणि पार्माच्या होड्या तोफांशिवाय बाहेर येऊ शकत नव्हत्या. मधल्या उथळ पट्ट्यात नासाऊच्या युस्टिनच्या हाताखालची डचांची हलकी, उथळ तळाची जहाजे फिरत होती. कॅले ते डंकर्क अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, पण हा पट्टा ओलांडायला कोणाकडेच साधन नव्हते. इंग्रजी आरमाराचा उल्लेख न करताही स्वारी इथे अडते, हे लक्षात घ्या.

हे काम फक्त आजच्या नकाशावर करू नका. वाळूचे दांडे सरकतात, बंदरे गाळाने भरतात किंवा खोदून खोल केली जातात.

दिएपला १९ ऑगस्ट १९४२ रोजी हाच पट्टा कोरड्या जमिनीवर होता. किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे. चर्चिल रणगाड्यांच्या पट्ट्यांत गोटे अडकत, चाके जागीच फिरत, आणि त्यापुढे बांधीव भिंत. किनाऱ्याचा उतार नकाशावर कळतो, पण तो कशाचा बनला आहे हे वेगळे तपासावे लागते.

नांगरांचा माग स्वतंत्रपणे काढा. पेटती जहाजे अंगावर येताना आर्माडाच्या कप्तानांनी नांगराचे दोर तोडले. अनेक जहाजांनी एकाच रात्री दोन-दोन नांगर गमावले. त्या रात्री एकही स्पॅनिश जहाज आगीने जळाले नाही, म्हणून काही वर्णने हा हल्ला 'निष्फळ' म्हणून सोडून देतात. सहा आठवड्यांनी आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यासमोर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागला, तेव्हा जहाज रोखून धरायला नांगर नव्हते. ७ ऑगस्टची रात्र आणि सप्टेंबरातले फुटलेले कवच यांना जोडणारी रेघ वहीत मारा.

तोफा

लिस्बनच्या छापील यादीत २,४३१ तोफा आणि १,२३,७९० गोळे आहेत, म्हणजे तोफेमागे सरासरी सुमारे ५१ गोळे. यादी दरारा बसावा म्हणून छापली गेली आणि शत्रूच्या हातातही पोचली, हे लक्षात ठेवा. सरासरीने फसू नका. आयर्लंडच्या पाण्यात ला त्रिनिदाद बालेन्सेरासारख्या जहाजांचे अवशेष तपासल्यावर लक्षात आले की लहान तोफांचे गोळे बरेच संपले होते, मोठ्या तोफांचे मात्र भरपूर शिल्लक होते. कारण गाड्यांत आहे. स्पॅनिश मोठ्या तोफा बहुधा लांब शेपटीच्या, दोन मोठ्या चाकांच्या गाड्यांवर होत्या. अरुंद डेकवर त्या मागे ओढून पुन्हा भरणे फार वेळखाऊ. इंग्रजांचे गाडे आखूड, चार लहान चाकांचे. शिवाय स्पॅनिश रीत एकदा तोफा डागून शत्रूच्या जहाजावर चढण्याची होती, आणि इंग्रज जवळ येऊ देत नव्हते. यादी काय चढवले ते सांगते. काय वापरले ते समुद्राच्या तळाशी आहे.

आता वादळ

वहीची एवढी पाने भरल्यावर वादळाची नोंद करा आणि त्याला दोनच प्रश्न विचारा.

पहिला: वादळ आले त्या दिवशी स्वारी अजून जिवंत होती का? आर्माडाच्या बाबतीत नव्हती. ८ ऑगस्टनंतर पार्माशी गाठ पडण्याची शक्यता संपली. उलट ९ ऑगस्टला वारा जहाजांना झीलंडच्या वाळूवर ढकलत होता, खोली एकेका वावाने कमी होत होती, आणि ऐनवेळी वारा फिरल्यामुळे आरमार बचावले. म्हणजे निर्णायक आठवड्यात वाऱ्याने स्पेनचे भले केले. सप्टेंबरातली वादळे नुकसानीचे कारण आहेत, अपयशाचे नाहीत. वहीत ही दोन कारणे दोन वेगळ्या पानांवर हवीत.

दुसरा: वादळ आले तेव्हा जहाजे तिथे का होती? १२८१ मध्ये ऑगस्टातल्या तुफानाने ताफा खरोखर उद्ध्वस्त केला आणि स्वारी तेव्हा जिवंत होती, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर वादळाच्या बाजूने जाते. पण तुफानांच्या हंगामात, परक्या किनाऱ्याजवळ, दाटीवाटीने नांगरून राहण्याची पाळी उशिरा आलेल्या ताफ्याने आणि हाकाताच्या तटाने आणली. ताकाशिमाजवळच्या पाण्यात सापडलेल्या काही फळ्यांवर एकाच जागी दाटीने मारलेल्या खिळ्यांच्या खुणा आहेत. त्यावरून जुनी लाकडे पुन्हा वापरली असावीत अशी शंका घेतली जाते. ती शंका म्हणूनच लिहा.

वादळ नसलेल्या अपयशात त्याची जागा दुसरे काहीतरी 'दुर्दैव' घेते. १८ मार्च १९१५ ला बुव्हे, इर्रेझिस्टिबल आणि ओशन या युद्धनौका बुडाल्या त्या नुसरत या तुर्की जहाजाने दहा दिवसांपूर्वी लावलेल्या २६ सुरुंगांच्या रांगेमुळे. दुर्दैव म्हणून सोडून देण्याआधी सुरुंग काढायला कोण होते ते पाहा: मासेमारीचे ट्रॉलर, त्यांवरचे बरेचसे बिगरलष्करी खलाशी, समोरून दार्दनेल्स सामुद्रधुनीचा प्रवाह आणि दोन्ही काठांवरून तोफा. तोफा सुरुंगांना राखत होत्या आणि सुरुंग तोफांना.

परिणाम : तीन मुदतींत

परिणाम एकाच यादीत लिहिले की मोठे लहान दिसतात आणि लहान मोठे. चाळीस दिवस, एक-दोन वर्षे आणि वीस वर्षे असे तीन कप्पे करा.

पहिल्या कप्प्यात माणसे. आयर्लंडच्या किनाऱ्यावर दोन डझनांच्या आसपास जहाजे फुटली, किनाऱ्याला लागलेल्यांपैकी अनेकांना मारण्यात आले. स्पेनला पोचलेलेही बंदरात भूक आणि तापाने मेले. रेकाल्दे आणि ओकेंदो हे दोघे नामांकित अधिकारी परतल्यावर थोड्याच दिवसांत वारले. विजेत्यांचा कप्पा रिकामा ठेवू नका: इंग्रजांनी आठ पेटत्या जहाजांखेरीज एकही जहाज गमावले नाही, पण साथीच्या तापाने आणि हगवणीने त्यांचे खलाशी पटापट मेले, आणि पगार थकलेलेच होते.

दुसऱ्या कप्प्यात पैसा, दोषारोप आणि सूड. मेदिना सिदोनियाचा सल्लागार दिएगो फ्लोरेस दे वाल्देसला तुरुंगात टाकले, मेदिना सिदोनिया घरी गेला आणि राजाच्या सेवेत राहिला. शिक्षा कोणाला झाली यापेक्षा कोणाला झाली नाही ते जास्त बोलके. १५८९ मध्ये इंग्लंडने ड्रेक आणि नॉरिस यांच्या हाताखाली उलट स्वारी पाठवली आणि तीही फसली. ही स्वारी अनेक पुस्तकांतून गायबच असते. १५९० मध्ये स्पेनमधल्या कास्तिल राज्याने 'मिलोनेस' नावाचा कर मान्य केला: सहा वर्षांत ८० लाख डुकाट (सोन्याची नाणी).

तिसऱ्या कप्प्यात लोकप्रिय समज तपासा. '१५८८ ला स्पेनचे समुद्रावरचे राज्य संपले' हे वाक्य या कप्प्यात टिकत नाही. स्पेनने नवी गॅलिऑन बांधली, १५९६ आणि १५९७ मध्ये पुन्हा आरमारे पाठवली, ती हवामानाने उधळली. १५९६ मध्येच राजाचा खजिना दिवाळखोरीत गेला. युद्ध १६०४ च्या लंडनच्या तहाने थांबले. कर आणि कर्ज ही इथली मोठी पाने आहेत, बुडालेली लाकडे नव्हेत.

जिंकलेल्याचेही वीस वर्षांचे पान लिहा. जपानने १२८१ ला परकी भूमी जिंकली नव्हती, त्यामुळे लढलेल्या सामुराईंना बक्षीस द्यायला जमीनच नव्हती. देवळांनी मात्र आपल्या प्रार्थनेने वारा आला म्हणून वाटा मागितला. १२९७ मध्ये कर्जात बुडालेल्या योद्ध्यांसाठी कर्जमाफीचा हुकूम काढावा लागला आणि १३३३ मध्ये कामाकुराची, म्हणजे जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी राजवटीची, सत्ता पडली. १२८१ वरून १३३३ कडे सरळ बाण मारू नका, मध्ये इतर कारणे आहेत. पण वादळाची कथा कोणाच्या फायद्याची होती याचे उत्तर देवळांच्या त्या अर्जांत मिळते.

'धडा शिकलो' या शब्दांपाशी शेवटची तपासणी करा. दिएपला उतरलेल्या सुमारे ६,००० पैकी निम्म्याहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, आणि त्या किमतीवर १९४४ चे नॉर्मंडीला उतरणे जमले असे सांगितले जाते. प्रत्येक धड्यापुढे तीन गोष्टी लिहा: तो स्वारीआधीच्या कागदांत आधीच होता का, नंतर कोणता हुकूम किंवा कोणते यंत्र त्यामुळे बदलले, आणि ते वाक्य प्रथम कोणी उच्चारले. गॅलिपोलीच्या बाबतीत दुसऱ्या रकान्यात ठोस नोंद मिळते: अमेरिकी मरीन कोअरने ती मोहीम अभ्यासून १९३४ मध्ये किनाऱ्यावर उतरण्याची तात्पुरती नियमपुस्तिका तयार केली. दिएपच्या काही धड्यांपुढे तिसऱ्या रकान्यात हल्ला आखणाऱ्यांचीच नावे येतात. त्या ओळींवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, आणि पहिला रकाना पुन्हा भरायला घ्या.